फुनक्याला घेऊन उन्हाळ्यात डोंगर चढलो त्याची गोष्ट

खान्देशात फुनके करतात ते तुम्ही खाल्ले असतील. भरड वाटलेल्या डाळीचे लांबट मुटके, वाफवलेले, कढीत चुरून खायचे. आमच्या कुत्र्याचं नाव त्यावरूनच पडलं. त्याची आई डॅशहुंड, बाप देवपुरातल्या आमच्याच गल्लीतला कुणीतरी. अंगानं लांब, पायानं आखूड, रंग पिवळट-तपकिरी आणि वजन सात किलोच्या आसपास.

मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगा तेव्हा नववीत होता. आम्हा दोघांना किल्ले चढायची हौस. फुनक्याला माझ्या आईजवळ ठेवून जायचो. पण डिसेंबर २०२३ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो मार्ग बंद झाला. त्याआधी दिवाळीत एकदा, पैसे देऊन कुत्रे सांभाळतात अशा एका ठिकाणी त्याला तीन दिवस ठेवून पाहिला होता, रोजचे साडेचारशे रुपये देऊन. परत आणला तेव्हा तो सहाशे ग्रॅमनं उतरला होता. तीन दिवस त्यानं तोंडात काही घेतलं नव्हतं, आणि आम्हाला एक फोन करावा असं तिथं कुणाला वाटलं नव्हतं. तेव्हाच ठरलं, आता जायचं तर तिघांनी.

‘थंडीत जा ना मग,’ असं सगळे सांगतात. थंडीत शिष्यवृत्तीचे जादा तास असतात, स्नेहसंमेलन असतं, वर सर्वेक्षणं. मास्तरांना सुट्टी मिळते ती मे महिन्यात, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ ला टेकलेला असतो. माहिती शोधायला गेले तर जे सापडलं ते सगळं थंड देशातलं, मोठ्या केसाळ कुत्र्यांबद्दलचं. आखूड पायाचा कुत्रा घेऊन सातपुड्यात उन्हाळ्यात कसं जायचं, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. आमच्या चुकांसकट.

पहिलं काम डॉक्टरांचं. १२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. रेबीजची वार्षिक लस जवळ आलीच होती, ती घेतली. त्याबरोबर डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो या रोगांची एकत्र लस. गोचिडांची गोळी. तपासणीसकट सगळे मिळून सोळाशे रुपये झाले. लेप्टोची लस टाळू नका असं डॉक्टरांनी बजावलं, कारण तो रोग साचलेल्या पाण्यातून येतो, आणि किल्ल्यावरची टाकी म्हणजे साचलेलंच पाणी. लस घेतली तरी टाक्यातलं पाणी पाजायचं नाही, हेही सांगितलं. फुनक्याचं वजन भरलं ७.४ किलो. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांवर बोटं फिरवली. “हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. इथं नुसता लोण्याचा गोळा लागतोय. अर्धा किलो उतरवा, मग बोला.”

पाठीचंही त्यांनी समजावलं. डॅशहुंडच्या लांब पाठीत मणक्यांमधली गादी सरकण्याचं प्रमाण जास्त असतं. चढताना फारशी भीती नाही. उतरताना पायरीवरून उडी मारली की सगळा भार पुढच्या पायांवर आणि पाठीवर येतो. म्हणून उतार आला की उचलून घ्यायचं. गळपट्टा नको, छातीला बसणारा पट्टा हवा, म्हणजे घसरला तर गळा आवळला जात नाही.

उन्हाबद्दल बोलताना मात्र ते खुर्चीवरून उठले. फुनक्या टेबलावर उभा होता. त्यांनी त्याचं पोट आणि टेबल यांच्यामध्ये आपला पंजा आडवा घातला. चार बोटं बसली, अंगठा बसला नाही. म्हणाले, “तुम्हाला ऊन वरून लागतं, मॅडम. याला खालून लागतं. तुमच्या फोनवर ३५ दाखवत असेल तेव्हा याच्या पोटाशी किती असेल ते दगडाला हात लावून बघा.”

घरी येऊन आईला सांगितलं. ती वॉकर धरून उभी होती. “येडी हुयनी का तू? माणूसले सोसत नही इतलं ऊन, अन् कुत्राले ली चालनी डोंगरवर!”

खरेदी दोन-तीन दिवसांत उरकली. छातीचा पट्टा ५५० रुपये. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर १२० रुपये. त्यावर मार्करनं ठळक ‘फुनक्या’ लिहिलं, कारण तो शेपटीखाली लावायचा असतो आणि घरात तसलाच दुसरा आहे. कुत्र्याचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असला की ठीक. आपल्याला जो ताप, तो त्याचा आरोग्यपणा. घरी चारपाच वेळा मोजून त्याला सवय लावली, नाहीतर डोंगरावर तो शेपूट उचलू देत नाही. चार बूट ६४० रुपयांना मागवले. ते घालून तो खेकड्यासारखा चालला आणि पहिल्याच दिवशी त्यातला एक हरवला. ते पैसे पाण्यात गेले. कुत्र्याला पाठीवर घ्यायची पिशवी अठ्ठावीसशेला होती. आई म्हणाली, माझं जुनं लुगडं आहे ना. त्याची झोळी शिवली, एका खांद्यावरून आडवी, लेकराला घेतात तशी. सगळ्या खरेदीत सर्वांत कामाची वस्तू तीच निघाली. दगड मोजायला एक बंदुकीसारखं थर्मामीटरही घेतलं, आठशे ऐंशी रुपयांचं. नुसत्या हातानंही चालतं: हाताची मागची बाजू दगडावर टेकवायची आणि सात आकडे मोजायचे, हात काढून घ्यावासा वाटला तर ती वाट त्याच्या पायांसाठी नाही. पण मुलाला यंत्र हवं होतं.

सरावाला लळिंगचा किल्ला. धुळ्यातून मुंबई-आग्रा रस्त्यानं जेमतेम दहा किलोमीटर, पायथ्याला गाव, वर जायला पाऊण तास. २५ फेब्रुवारीला पहिल्यांदा गेलो. अर्ध्या वाटेवर एका शेळ्यांच्या कळपामागे फुनक्या असा धावला की माझ्या हाताला दोरीचा वळ उठला. तेव्हापासून दोरी कमरेला बांधते. १० मार्चला दुसऱ्यांदा. १७ मार्चला तिसऱ्यांदा गेलो ते मुद्दाम संध्याकाळी, कारण मला वाटायचं की पाच वाजता ऊन उतरतं, सोपं जाईल. मुलानं यंत्र धरलं. हवा ३४, दगड ४७. काळा कातळ दिवसभर तापतो आणि संध्याकाळभर ती आग सोडत राहतो. आपल्या तोंडाला वारा लागतो म्हणून आपल्याला बरं वाटतं. वीतभर उंचीवर चालणाऱ्याला तोच दगड पोटाशी भाजत असतो. पंधरा मिनिटांत परत फिरलो. उन्हाळ्यात संध्याकाळचा चढ आम्ही त्या दिवसापासून सोडला. पहाटेचा दगड रात्रभर निवलेला असतो, तोच आपला.

मेमध्ये कुठं जायचं? मनात पाटणादेवी होती. चाळीसगावजवळचं ते जंगल, धवलतीर्थ, वर पितळखोऱ्याची लेणी. पण तो भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्धी रजा टाकून वनखात्याच्या कार्यालयात गेले. सोबत साध्या कागदावर अर्ज, लसीकरणाच्या पुस्तिकेची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, फुनक्याचा फोटो. फोटो कशाला नेला कोण जाणे. तासभर बसले. साहेब आले, अर्ज वाचला, फोटो बघून हसले आणि नाही म्हणाले. पाळीव कुत्रा अभयारण्यात नेता येणार नाही.

मी म्हटलं, बांधलेला असेल, लस झालेली आहे. ते म्हणाले, “मॅडम, २०१८ ला गीरमध्ये सिंह मेले ना, ते डिस्टेंपरनं. कुत्र्यांचाच रोग तो. आणि दुसरी बाजू बघा, बिबट्याला सात किलोचा कुत्रा म्हणजे तयार ताट.” वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. यावल आणि अनेर ही आपल्याकडची आणखी दोन अभयारण्यं. तीही यादीतून गेली. माझा अर्धा दिवस आणि बसभाडं गेलं, पण चाळीसगावपर्यंत गाडी नेऊन फाटकावरून परत येण्यापेक्षा ते स्वस्तात पडलं. तुम्ही कुठलंही जंगल ठरवाल तर ते अभयारण्यात आहे का, हे आधी विचारा. फोनवर नीट उत्तर मिळत नाही; समोर जाऊन बसावं लागतं.

आता भामेर.

७ एप्रिल, रविवार. साक्री तालुक्यात, निजामपूरच्या अलीकडे, धुळ्याहून पन्नासेक किलोमीटर. डोंगरात खोदलेल्या गुहांची रांग, पाण्याची टाकी, वर जाताना कातळ कापून केलेली खाच. सुरेख किल्ला आहे आणि त्यावर सावली म्हणाल तर फक्त गुहांची. पाच वाजता निघायचं ठरलं होतं. मुलगा उठला नाही. मग पंपावर रांग. मग वाटेत चहा, ‘दोनच मिनिटं’. चढायला सुरुवात झाली तेव्हा साडेसात वाजले होते.

वर जाताना फुनक्या मजेत होता. पावणेनऊला माथ्यावर. तिथं आम्ही अर्धा तास फोटो काढले, आणि ती अर्ध्या तासाची चूक पूर्ण माझी. सव्वानऊला उतरू लागलो. दगड ४६ दाखवत होता. यंत्र खिशात होतं, आकडा डोळ्यांसमोर होता, आणि मी म्हटलं, आता उतरायचंच तर आहे. सपाट पट्टा आला तसा त्याला झोळीतून खाली सोडला. नऊ पस्तीसला तो बसला.

मला वाटलं नखरे करतोय. मी दोरी ओढली. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं, कारण नव्वद टक्के लोक हेच करतील. तो उठला नाही. पोट जमिनीला लावून, मागचे पाय बेडकासारखे फाकून पडून राहिला. जीभ बघितली तर रोजची नव्हती. एरवी त्याची जीभ पानासारखी निमुळती लोंबते. ती आता टोकाला पळीसारखी रुंद झाली होती, कडा वर वळलेल्या. हिरड्या कुंकवासारख्या लाल. लाळ पाण्यासारखी गळायच्याऐवजी दोऱ्यासारखी चिकट लोंबत होती. थर्मामीटर लावला. १०५.२.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पायाच्या तळव्यांना थोडासा, बाकी सगळा कारभार धापेवर चालतो. धापेनं भागेनासं झालं की ताप चढत जातो, आणि १०६ च्या पुढे आतले अवयव निकामी व्हायला लागतात. हे मला माहीत होतं. तरी हात थरथरत होते. उचलून सर्वांत जवळच्या गुहेत नेला. पंचा ओला करून त्याच्या पाठीवर टाकला आणि वाट बघत बसले. धाप कमी होईना. तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी शेळ्यावाले एक बाबा येऊन उभे राहिले. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, “त्याना पोटले पानी लावा, पाठले नको. अन् ते फडकं काढा.”

पंचा काढून हातात घेतला तर तो गरम झाला होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घरी कूलर कसा चालतो? वाळ्याच्या ताटीवर पाणी आणि त्यातून वारा. वाराच लागू दिला नाही तर नुसती ओली ताटी काय करणार? अंगावर पडलेला ओला पंचा म्हणजे खिडकी बंद करून लावलेला कूलर. मग पोट, जांघा, काखा, तळवे भिजवले आणि मुलानं आपलं परीक्षेचं पॅड सॅकमधून काढून वारा घालायला घेतला. पाणी माठाइतपत गार हवं. तोंडात पाणी ओतायचं नाही, फुप्फुसात जाऊ शकतं. भांडं समोर धरायचं, प्यायला तर प्यायला. त्याचं दीड लिटर संपलं, आमचं प्यायचंही संपलं. बाबांनी आपली कॅन पुढे केली. वीस मिनिटांनी १०३.४. तिथं थांबलो; त्याखाली आपण गार करत राहिलो तर ताप नको तितका उतरतो.

झोळीत घालून खाली आलो. वाटेतल्या एका गावातल्या जनावरांच्या दवाखान्याला कुलूप होतं, रविवार. दारावर लिहिलेला नंबर लागत नव्हता. गाडीतला एसी पूर्ण सोडून धुळं गाठलं, सव्वाअकरा झाले. सलाइन लागलं. फुनक्या तोवर शेपटी हलवायला लागला होता आणि मला वाटलं, संपलं एकदाचं. डॉक्टर म्हणाले, अजून नाही. उष्माघाताचा मार मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला बसतो आणि तो एक ते तीन दिवसांनी दिसू शकतो. रक्त त्या दिवशी एकदा तपासलं आणि ९ तारखेला, गुढीपाडव्याच्या दिवशी, पुन्हा. त्या दोन रात्री मी त्याच्याशेजारी जमिनीवर झोपले. लघवीचा रंग बघायचा, हिरड्यांवर लाल ठिपके येतात का बघायचं. एकूण खर्च २,३५० रुपये. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. तीन आठवडे विश्रांती, आणि एकदा ऊन लागलेल्या जनावराला पुन्हा लवकर लागू शकतं, ही ताकीद.

गुढी उभारून आई आत आली. ती काही बोलली नाही. न बोलण्यानं तिनं जास्त सुनावलं.

मे सोडून द्यावा असं माझ्या मनात पक्कं आलं होतं. मुलानं वहीत पानभर लिहून दाखवलं, आपण कुठं कुठं चुकलो ते. डोंगर चुकला असं त्यात कुठंच नव्हतं; घड्याळ चुकलं होतं. डॉक्टरांशीही बोललो. ते म्हणाले, जायचं तर उंच जा, सावलीत जा आणि साडेआठच्या आत घरात या. म्हणून तोरणमाळ, सातपुड्यातलं उंच पठार. समुद्रसपाटीपासून साधारण १,१५० मीटर, म्हणजे धुळ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी तरी हवा उतरलेली. आणि ते अभयारण्यात येत नाही, हे या वेळी आधीच विचारून घेतलं.

मधे निवडणूक आली. धुळ्याचं मतदान २० मेला होतं, मला केंद्रावर ड्यूटी. तोवर मुख्यालय सोडायची परवानगी नाही. १९ ला सकाळी साहित्य घ्यायला गेले ती २० च्या मध्यरात्रीनंतर मशीन जमा करून घरी आले. २१ झोपेत गेला. एप्रिलच्या शेवटापासून मुलगा फुनक्याला रोज पहाटे पांझरेच्या काठानं चालवत होता, पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून पाऊण तासापर्यंत. वजन आता ६.९ होतं. हाताला बरगड्या लागत होत्या.

२२ मे, बुधवार. पहाटे चारला निघालो. दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, शहादा. फुनक्याचं रात्रीचं जेवण सहा तास आधी उरकलं होतं, घाटात ओकारी नको म्हणून. तरी सातपायरी घाटाच्या चौथ्या-पाचव्या वळणावर त्यानं पिवळं पाणी काढलंच. नाक्यावर गाडीची नोंद झाली. वहीत लिहिणाऱ्या पोरानं मागे डोकावून बघितलं, लसीची पुस्तिका उलटीसुलटी चाळली आणि माणसांच्या रकान्यात लिहिलं: ‘२ + कुत्रा १’. रोख पैसे जवळ ठेवा. फोनला रेंज आली तर आली.

उतरलो ते माझ्याबरोबर डी.एड. केलेल्या एका मैत्रिणीच्या माहेरी. पावरा कुटुंब, कुडाच्या भिंतीचं गार घर. हॉटेलात कुत्रा घेतील का हा प्रश्नच आला नाही. तुमची अशी ओळख नसेल तर आधी फोन करून तोंडी होकार घ्या आणि होकार देणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. अंगणभर कैऱ्यांच्या फोडी वाळत घातल्या होत्या. या भागात मे महिना म्हणजे आमचूर. घरात शिरताना नाकाला आंबट झिणझिणी येते. फुनक्यानं एक फोड उचलली, चावली, थांबला, आणि सबंध अंग झटकून ती आजींच्या पायाशी नेऊन ठेवली. आजी पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून तो त्यांचा.

संध्याकाळी मी आजींच्या यजमानांना, म्हणजे घरच्या बाबांना सांगितलं की उद्या बुद्धपौर्णिमा आहे, चांदण्यात साडेतीनलाच निघू, म्हणजे दगड सर्वांत गार. बाबांनी विडी विझवली. “याला घेऊन? नाही. तळहाताच्या रेघा दिसल्याशिवाय अंगण सोडायचं नाही.” मागच्याच महिन्यात पाड्यावरचा एक कुत्रा बिबट्यानं ओट्यावरून नेला होता. म्हणजे उजाडायच्या आत बिबट्या आणि साडेआठनंतर दगड. मधले तीन तास तेवढे आमचे.

२३ ला पाच पंचवीसला रेघा दिसल्या. चंद्र पश्चिमेला पिवळा होऊन लोंबत होता. सीताखाईच्या कडेनं गेलो आणि खाली पाड्याकडे उतरणारी एक पायवाट धरली. फुनक्या बराच वेळ झोळीत, कारण उतार. इथं एक गोष्ट लक्षात आली, जी किल्ल्यांवर कधी जाणवली नव्हती. पठारावरून निघालं की आधी उतार येतो आणि चढ शेवटी, नेमका ऊन वाढताना. किल्ल्याच्या अगदी उलट. किती खोल आलो हे गार हवेत कळत नाही, पाय पळत असतात. साडेसहाला मुलगा म्हणाला, परत. खाली एक झरा दिसत होता, दहा मिनिटांवर. मला जायचं होतं. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी भामेर आठवून वळले. त्या झऱ्याकडे आमचं जाणं झालंच नाही. सव्वाआठला अंगणात, ताप १०२.६, दर वीस मिनिटांनी पाणी पाजत आणलेला. तो मागत नाही. आपणच थांबून भांडं ठेवावं लागतं. तीन तासांत साडेसहाशे मिली प्यायला.

दिवसभर झोप. जेवायला भाकरी-ताक, त्याला बिनकांद्याचं. कांदा कुत्र्याला विषासमान, आणि गावाकडे मायेनं कुणीही कालवणातला तुकडा टाकतं, तेव्हा आल्या आल्याच सांगून ठेवा.

२४ ला उलटं केलं. बाबांच्या पुतण्याची जीप पहाटे खाली जात होती. तिनं आम्हाला घाटाच्या पायथ्याजवळ सोडलं. जीपमध्येच तळहात उघडून बसलो होतो. साडेपाचला निघालो. रस्त्याच्या वळणांना छेद देत एक पायवाट वर जाते, लोक त्यावरून मोळ्या आणतात. उभी चढण. सागाची पानं गळलेली, म्हणजे सावली नाहीच. पण डोंगराचीच सावली वाटेवर होती आणि ती आमच्यापेक्षा थोडी वेगानं आवरत वर सरकत होती. मुलगा यंत्र रोखून आकडे ओरडत होता. २६. २७. २७. फुनक्या पुढे. त्याचे पाय इतके आखूड की प्रत्येक दगड त्याच्या छातीला लागतो. पुढचे दोन्ही पंजे वर ठेवायचे, एकदा मागे वळून बघायचं, मग बुड उचलून हिसका द्यायचा. हे त्यानं किती शे वेळा केलं असेल. जिथं दगड त्याच्या डोक्यापेक्षा उंच, तिथं तो बसून राहायचा, मी पट्ट्याला धरून वर ठेवायची, आणि उपकार केल्यासारखा तो पुढे चालू लागायचा. दोनदा गावठी कुत्रे अंगावर आले. अशा वेळी आपल्याला उचलायची घाई होते. मी झोळीत टाकून पाठ फिरवली आणि मुलगा काठी आपटत उभा राहिला. मिनिटभरात ते गेले.

सात पन्नासला ऊन आमच्यापर्यंत पोचलं. दगड ३३. अजून बराच चढ होता. थांबलो, पोट भिजवलं, पॅडनं वारा घातला. पॅडवर अजून मुलाचा परीक्षा क्रमांक चिकटलेला होता. आठ वीसला ३७ आल्यावर मी त्याला झोळीत घेतला आणि शेवटचा पंधरा-वीस मिनिटांचा टप्पा तो माझ्या कमरेवर बसून आला. म्हणजे काटेकोर बोलायचं तर फुनक्या तोरणमाळ पूर्ण चढला नाही. मी सात किलो घेऊन चढले. यशवंत तलावाजवळ पोचलो तेव्हा आठ चाळीस झाले होते. तलावात पाय बुडवू दिले, पाणी बाटलीतलं. ताप १०२.९.

चार दिवसांचा खर्च लिहून ठेवते: पेट्रोल २,९००, नाका आणि जीप मिळून ५००, किराणा नेला तो सोळाशेचा, कारण राहण्याचे पैसे घेणार नाहीत हे माहीत होतं. घरी आल्यावर पायांच्या बोटांमध्ये आणि कानांत गोचीड शोधायला दोन तास गेले. पाच सापडले.

२५ ला सकाळी निघताना अंगणात आमचूर घ्यायला व्यापारी आलेला. झाडाच्या फांदीला वजनकाटा लटकवलेला, खाली आकडा, एकेक पोतं चढत होतं. मुलानं भीत भीत विचारलं. व्यापाऱ्यानं फुनक्याकडे बघितलं, रिकामी पिशवी पुढे केली. फुनक्याला पिशवीत बसवून आकड्याला अडकवला; फक्त डोकं बाहेर, कान खाली, चेहरा असा की आम्ही त्याला विकतोच आहोत. सगळं अंगण गोळा झालं. सहा किलो नऊशे, त्यातून पिशवीचे शंभर वजा. शंभर ग्रॅम उतरला होता, बस.

आजींनी काट्यावरचा आकडा पाहिला, मग फोडींच्या ढिगाकडे बघितलं. “चार दिवसात आंबा निम्मा होतो,” त्या म्हणाल्या. “हा काही वाळला नाही.”